पुण्यात उन्हाळ्याच्या दुपारी ओझोन चढतो, वास मात्र रात्री येतो: व्हीओसीचा स्रोत ओळखायचा कसा?

छत_आणि_खिडकी (प्रश्न)

सोसायटी पुण्यात, मुख्य रस्त्यापासून एक इमारत आत. पूर्वेला पेट्रोल पंप. पेट्रोल भरण्याच्या जागेपासून आमची सर्वांत जवळची खिडकी ४० मीटरवर. दक्षिणेला फर्निचरला मेलामाइन आणि पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश मारणारे वर्कशॉप. महिन्याला थिनरचा २० लिटरचा एक डबा संपतो असे तिथले कारागीरच सांगतात. पश्चिमेला जरा लांब एक ऑफसेट छापखाना.

मार्चपासून जवळच्या सरकारी केंद्राच्या आकड्यांत ओझोन दुपारी एक ते चारच्या दरम्यान चढलेला दिसतो. त्या वेळी पीएम २.५ (हवेतली बारीक धूळ) बरा असतो आणि वासही नसतो. थिनरचा वास येतो संध्याकाळी सातनंतर, पेट्रोलचा पहाटे टँकर रिकामा होताना. गच्चीवर 'टीव्हीओसी', म्हणजे हवेतल्या एकूण व्हीओसी (सहज उडून जाणारी सेंद्रिय संयुगे), दाखवणारे एक साधे यंत्र ठेवले आहे. त्याचा आकडा यांतल्या कशाशीच जुळत नाही. तो सर्वांत जास्त चढतो सकाळी आठच्या सुमारास, घराघरांत फोडण्या पडतात तेव्हा.

कमिटीत दोन गट आहेत. एकाला पंपाविरुद्ध तक्रार करायची आहे, दुसऱ्याला वर्कशॉपविरुद्ध, आणि दोघेही पुरावा म्हणून ओझोनचा तोच आलेख जोडणार आहेत. तो पुरावा ठरतो का? ठरत नसेल तर काय मोजायचे, कशाने, किती दिवस? आणि पंपाकडे व वर्कशॉपकडे नेमकी कोणती दुरुस्ती मागायची? 'प्रदूषण थांबवा' असे मोघम पत्र पाठवायचे नाही.

बाष्पदाब

ओझोनचा आलेख दोघांपैकी कुणाविरुद्धही पुरावा नाही. तो जोडूच नका. जोडलात तर समोरचा तेवढा एक मुद्दा खोडून बाकीची खरी तक्रारही सोबत उडवून लावेल.

ओझोन कुठल्या धुराड्यातून किंवा नळीतून बाहेर पडत नाही. नायट्रोजन डायऑक्साइडवर ऊन पडले की ऑक्सिजनचा एक अणू सुटतो आणि हवेतल्या ऑक्सिजनला चिकटून ओझोन होतो. पण सोबत मोकळा झालेला नायट्रिक ऑक्साइड तोच ओझोन खाऊन टाकतो, म्हणून एवढ्यावर काही साचत नाही. व्हीओसी मध्ये आले की गणित बिघडते. त्यांच्यापासून बनलेले पेरॉक्सी मूलक (अतिशय क्रियाशील, अल्पजीवी रेणू) नायट्रिक ऑक्साइडचे ओझोन न वापरताच पुन्हा डायऑक्साइड करतात, खाणारा कमी पडतो आणि ओझोन साचू लागतो. लॉस एंजेलिसच्या धुरक्यात हेच घडते हे रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी १९५० च्या सुमारास दाखवून दिले.

या साचण्याला काही तास लागतात. वारा सेकंदाला २ मीटर धरला तर तासाला सुमारे ७ किलोमीटर. म्हणजे दुपारी तीनला तुमच्या गच्चीवर असलेली हवा सकाळी नऊला साधारण ४० किलोमीटर मागे होती, आणि वाटेत तिने शंभर पंप, हजारो दुचाक्या, कचऱ्याच्या शेकोट्या आणि झाडांचा श्वाससुद्धा गोळा केलेला असतो. तुमचा शेजारी त्यात आहे, पण मिठाच्या कणाएवढा. उलट रस्त्याला खेटून असलेल्या केंद्रावर ताजा नायट्रिक ऑक्साइड ओझोन खात असल्यामुळे तिथे तो कमी दिसतो आणि शहराबाहेर, वारा जातो त्या बाजूला, जास्त. काही शहरांत रविवारी रहदारी कमी असताना ओझोन वाढतो तोही याच कारणाने. २०२० च्या टाळेबंदीत देशातल्या अनेक शहरांत नायट्रोजन ऑक्साइड निम्म्यावर आले तरी ओझोन त्या प्रमाणात उतरला नाही, काही ठिकाणी चढला.

संध्याकाळच्या वासाचे कारण वेगळे आहे. उन्हाळ्याच्या दुपारी तापलेली हवा दोन किलोमीटरच्या वरपर्यंत घुसळली जाते. सूर्य मावळला की ही घुसळण जमिनीलगतच्या शंभर-दोनशे मीटरच्या थरात येऊन थांबते. वर्कशॉपमधून तेवढाच थिनर उडतो, पण मिसळायला हवा दहापटीने कमी. म्हणून रात्री आणि पहाटे.

आता मुख्य गोष्ट. 'व्हीओसी' हे एका पदार्थाचे नाव नाही, आणि विषारीपणा व ओझोन बनवण्याची ताकद या दोन गोष्टी एकमेकींशी जुळत नाहीत. ओझोनसाठी रसायनशास्त्रज्ञ विल्यम कार्टर यांची मोजपट्टी वापरतात: अनुकूल परिस्थितीत एक ग्रॅम व्हीओसीमागे जास्तीत जास्त किती ग्रॅम ओझोन बनू शकतो. बेंझीन ०.७, टोल्युइन ४, झायलीनचे तीन प्रकार ६ ते १०, प्रोपेन ०.५, अ‍ॅसिटोन ०.४, इथिलीन ९. बेंझीन या यादीत अगदी मवाळ दिसते. पण तेच रक्ताचा कर्करोग करते, आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवते हे सिद्ध झालेल्या पदार्थांत, ते बसते. पंपाचा प्रश्न मुख्यतः बेंझीनचा, वर्कशॉपचा टोल्युइन-झायलीनचा आणि शहराचा ओझोनचा. तीन प्रश्न, तीन मोजमापे.

आपल्याकडच्या २००९ च्या राष्ट्रीय मानकांत बेंझीनची वार्षिक सरासरी मर्यादा ५ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. ओझोनची आठ तासांची १०० आणि एका तासाची १८०. टोल्युइनला, झायलीनला किंवा 'एकूण व्हीओसी'ला बाहेरच्या हवेसाठी मानकच नाही. आणि रोज दाखवला जाणारा हवा गुणवत्ता निर्देशांक ज्या आठ प्रदूषकांवरून काढतात त्यांत बेंझीन नाही. निर्देशांक हिरवा असताना बेंझीन मर्यादेच्या दुप्पट असू शकते, ते त्यात दिसणारच नाही.

केंद्राचे आकडे उतरवून घ्या, पण तासागणिक, २४ तासांची सरासरी नको. एककांकडे लक्ष द्या: त्या तक्त्यांत नायट्रोजन ऑक्साइडची बेरीज पीपीबीत, कार्बन मोनॉक्साइड मिलिग्रॅममध्ये आणि बाकी बहुतेक मायक्रोग्रॅममध्ये येते, सरसकट एकच धरले की सगळे गुणोत्तर चुकते. २५ अंशांना १ पीपीबी बेंझीन म्हणजे ३.१९ मायक्रोग्रॅम, टोल्युइन ३.७७, ओझोन १.९६. मग भाग काढा:

टोल्युइन भागिले बेंझीन दीड ते तीनच्या आसपास असेल तर रहदारी. चार-पाचच्या वर सतत जात असेल तर थिनर, शाई, गोंद असा द्रावकाचा स्रोत जवळ आहे. एकच्या खाली गेले आणि त्याच तासाला पीएम २.५ व कार्बन मोनॉक्साइडही चढले तर कचरा किंवा लाकूड जळते आहे. झायलीन आणि इथाइलबेंझीनचे गुणोत्तरही बघा. ताज्या हवेत ते तीनच्या जवळ असते आणि झायलीन हवेत लवकर संपत असल्यामुळे हवा शिळी होईल तसे उतरते.

हे गुणोत्तर वाऱ्याच्या दिशेनुसार वेगळे मांडा. सेकंदाला अर्ध्या मीटरपेक्षा कमी वारा असलेले तास गाळा, तेव्हा दिशादर्शक कुठेही तोंड करून उभा असतो.

आकडे वापरण्याआधी त्यांची तब्येत तपासा. बेंझीन तासन् तास एकाच आकड्यावर थिजलेले, झायलीनचा रकाना रिकामा, मध्यरात्री ठरावीक वेळी सुळका (तो बहुधा कॅलिब्रेशनचा): असे दिवस बाजूला ठेवा. केंद्राच्या केबिनचा एसी बंद पडला की क्रोमॅटोग्राफमधली (वायू वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रातली) शिखरे सरकतात आणि टोल्युइनचे शिखर चुकीच्या खिडकीत, म्हणजे दुसऱ्याच वायूच्या नावावर, पडते. ओझोनचे यंत्र २५४ नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशावर चालते आणि बेंझीन-टोल्युइनसारखी सुगंधी (अ‍ॅरोमॅटिक) संयुगेही तो प्रकाश शोषतात. रात्री नऊला गजबजलेल्या रस्त्याकाठी नायट्रिक ऑक्साइड भरपूर असताना ओझोनही भरपूर दिसत असेल तर आधी यंत्राच्या स्क्रबरवर (तुलनेसाठी हवेतला ओझोन काढून टाकणाऱ्या भागावर) शंका घ्या.

सेन्सर_खोलणारा

गच्चीवरच्या यंत्राबद्दल. त्यात बहुधा तापवलेल्या धातू-ऑक्साइडची चिप आहे. वायू तिच्या पृष्ठभागावर जळतो, विद्युतरोध बदलतो, एवढेच तिला कळते. फोडणीची वाफ, सॅनिटायझरचे अल्कोहोल, फिनाइल, उदबत्ती, परफ्यूम, हायड्रोजन, सगळे तिला सारखे. दमट हवेत आकडा वेगळा. आणि स्क्रीनवर मिलिग्रॅम लिहिलेले असले तरी कारखान्यात ते एखाद्याच वायूवर, बहुधा इथेनॉलवर, बसवलेले असते.

त्याहून मोठा घोळ म्हणजे आपोआप सरकणारा शून्य. अशा चिपांचे सॉफ्टवेअर मागच्या काही तासांतली किंवा दिवसांतली सर्वांत स्वच्छ हवा 'शून्य' मानते. काही चिपा तर नुसता निर्देशांक देतात, ज्यात १०० म्हणजे मागच्या २४ तासांची सरासरी. आठवडाभर हवा सतत वाईट राहिली तर यंत्र तिलाच सामान्य समजायला लागते. म्हणून दोन दिवसांची किंवा दोन यंत्रांची तुलना या आकड्यांवरून करायची नाही. त्याच डब्यावर 'ईसीओ२' दिसत असेल तर तो कार्बन डायऑक्साइड मोजलेला नाही, व्हीओसीवरून अंदाजलेला आहे.

उपयोग एकच: अचानक चढलेला सुळका किती वाजता आला. ते यंत्र स्वयंपाकघरांच्या पंख्यांपासून दूर, पंपाकडच्या कठड्याला बांधा. दर मिनिटाची नोंद आणि टँकर, स्प्रे, कचरा यांच्या वेळा एका वहीत लिहा. तासाची जुळणी सापडेल, प्रमाण सापडणार नाही.

कुणी हातात धरायचे पीआयडी यंत्र (अतिनील दिव्याने वायूचे आयन करून मोजणारे) आणून 'मोजून देतो' म्हणाले तर आधी दिवा विचारा. १०.६ इलेक्ट्रॉनव्होल्टचा दिवा बेंझीन, टोल्युइन, झायलीन पकडतो, पण वेगवेगळे सांगू शकत नाही. फॉर्मल्डिहाइडला १०.८७ लागतात, म्हणून ते त्याला दिसतच नाही, मिथेनही नाही. आकडा आयसोब्युटिलीनच्या हिशेबात येतो, बेंझीनसाठी साधारण अर्धा करावा लागतो. आणि बहुतेक यंत्रांची खालची मर्यादा दहा-शंभर पीपीबीत, तर ५ मायक्रोग्रॅम बेंझीन म्हणजे फक्त १.६ पीपीबी. पावसाळ्यात सेन्सरवर दमटपणा बसला की विजेची गळती होऊन आकडा उगाच वर तरंगतो.

नोझल_आणि_नळी

पंपाचा हिशेब आधी करू. टाकीत एक लिटर पेट्रोल गेले की तेवढीच वाफेने भरलेली हवा बाहेर ढकलली जाते. वाफ परत घेण्याची सोय नसेल तर लिटरमागे साधारण १.३ ग्रॅम. दिवसाला १०,००० लिटर विकणारा पंप धरा: गाड्या भरतानाच १३ किलो. आपल्याकडे पेट्रोलमध्ये बेंझीन घनफळाने जास्तीत जास्त १ टक्का. वाफेत ते वजनाने अर्ध्या टक्क्याच्या आसपास उतरते, कारण वाफेत हलके ब्युटेन-पेंटेन पुढे असतात. म्हणजे दिवसाला ६०-७० ग्रॅम बेंझीन, माणसाच्या नाकाच्या उंचीवर. सर्वांत जास्त ते जाते नोझल धरून बारा तास उभ्या असलेल्या कामगाराच्या श्वासात, तुमच्या खिडकीत नंतर. पत्रात त्याचा उल्लेख जरूर करा.

पहाटेचा वास मात्र टँकरचाच, आणि तुमच्यासाठी तोच मुख्य. १२,००० लिटरचा कप्पा भूमिगत टाकीत उतरला की १२ घनमीटर वाफ वर येते. तोटीची नळी टाकीच्या तळापर्यंत बुडालेली असली तरी दहा किलोच्या आसपास, अर्ध्या तासात, आणि तेही पहाटेच्या बसलेल्या हवेत. ती टँकरमध्ये परत नेणारी दुसरी नळी जोडायची असते. त्यालाच वाफ-वसुलीचा पहिला टप्पा म्हणतात. नळी जोडणे दोनच मिनिटांचे काम असते, तरी ते टाळले जाते, कारण नळी जड असते, तिचा सांधा घासून गळका झालेला असतो किंवा टँकरवरचे कपलिंग वेगळ्या मापाचे असते. नळी नसली की वाफ व्हेंट पाइपमधून, म्हणजे टाकीच्या हवा सोडणाऱ्या नळीतून, निघते. बाहेरून ओळखणे सोपे आहे: टँकर रिकामा होताना जमिनीकडे दोन नळ्या दिसल्या पाहिजेत. एकच दिसली तर तारीख, वेळ आणि कुंपणाबाहेरून काढलेला फोटो. पंपाच्या आवारात मोबाइल काढू नका.

दुसरा टप्पा नोझलवर. तोंडाभोवती बारीक छिद्रांची कडी आणि जाड दुहेरी नळी दिसली म्हणजे वाफ ओढणारे नोझल बसवले आहे. चालते की नाही हा वेगळा प्रश्न. एक लिटर पेट्रोलमागे किती लिटर हवा-वाफ ओढली याचे गुणोत्तर एकच्या जवळ लागते, साधारण ०.९ ते १.१. कमी असेल तर वाफ सुटते. जास्त असेल तर ताजी हवा भूमिगत टाकीत शिरते, तिथले पेट्रोल त्या हवेत पुन्हा उडते, दाब वाढतो आणि तीच वाफ व्हेंटमधून बाहेर. एका जागी वाचवली, दुसऱ्या जागी घालवली. बिघाड ठरलेले: व्हॅक्यूम पंपाचा पट्टा तुटलेला, वाफेच्या नळीत पेट्रोल भरलेले, व्हेंटवरचा दाब-निर्वात व्हॉल्व्ह अडकलेला किंवा काढूनच टाकलेला, मोजपट्टी टाकण्याचे झाकण उघडे. नळीत पेट्रोल भरते ते ऑटो-कट झाल्यावर 'राउंड फिगर'साठी मारलेल्या दोन-तीन पिचकाऱ्यांमुळे. त्याच सवयीने कारच्या कोळसा-कॅनिस्टरमध्येही पेट्रोल शिरते आणि मग तो कोळसा वाफ धरण्याच्या कामाचा राहत नाही. ग्राहकांनी स्वतः सोडण्यासारखी ही गोष्ट आहे.

एक मर्यादा आपल्याकडची: दुचाकीच्या टाकीचे तोंड रुंद आणि नोझल वर धरलेले, त्यामुळे तिथे वाफेबरोबर मोकळी हवाही ओढली जाते. दुचाक्यांच्या रांगेत दुसऱ्या टप्प्याकडून कारइतकी अपेक्षा ठेवू नका.

अंतराचा नियम: केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जानेवारी २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार नवा पंप शाळा, १० खाटांवरचे रुग्णालय आणि निवासी भागापासून ५० मीटरवर हवा, जागेची अडचण असली तरी ३० मीटरच्या आत नाही, आणि तिथे पेसोने (पेट्रोलियम व स्फोटकांच्या सुरक्षेची केंद्रीय संस्था) ठरवलेले जादा सुरक्षा उपाय लागतात. अंतर पंपाच्या कुंपणापासून नाही, तर टाकी भरण्याची जागा, डिस्पेन्सर किंवा व्हेंट यांपैकी जे सर्वांत जवळ असेल तिथून मोजायचे. हे नव्या पंपांसाठी आहे. तुमचा पंप त्याआधीचा असेल तर ४० मीटरवर भांडू नका, वाफ-वसुली यंत्रणेवर भांडा. पत्रात चार गोष्टी मागा: दोन्ही टप्पे बसवल्याचा आणि शेवटच्या तपासणीचा दाखला, नोझलनिहाय हवा-द्रव गुणोत्तराची नोंद, व्हेंटवरच्या व्हॉल्व्हची तपासणी आणि टँकर उतरवताना वाफेची नळी जोडल्याची सही असलेली नोंदवही. प्रती राज्य प्रदूषण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयाला आणि तेल कंपनीच्या विक्री अधिकाऱ्याला.

छत_आणि_खिडकी

टँकरच्या दोन नळ्यांचे माहीत नव्हते, उद्यापासून बघतो. वर्कशॉपबद्दल: मालक बोलायला तयार आहेत. 'वॉटरफॉल बूथ' लावतो म्हणतात, पाण्याच्या पडद्यात सगळे धुऊन निघेल असे विक्रेत्याने सांगितले आहे. होईल का?

पॉलिश_प्राइमर

नाही. पाण्याचा पडदा रंगाचे थेंब पकडतो, वाफ नाही. टोल्युइन आणि झायलीन पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत. भिंतीवरची धूळ कमी होईल, वास तसाच राहील. मालकाने पैसे घालण्याआधी हे त्यांना सांगा.

हिशेब बघा. २० लिटर थिनर म्हणजे सुमारे १७ किलो, आणि त्यातला थेंबन् थेंब हवेत जातो. लाकडावर राहते ती फक्त राळ. शिवाय मेलामाइन आणि पीयूच्या डब्यात आधीच असलेले द्रावक वेगळे. तरी महिन्याचे १७ किलो म्हणजे पंपाच्या सव्वा दिवसाचे. ओझोनच्या पट्टीवर थिनर जास्त आक्रमक आहे, पण एका वर्कशॉपने शहराचा ओझोन हलत नाही. तुमचा प्रश्न वासाचा आणि शेजारच्या खोल्यांत शिरणाऱ्या टोल्युइनचा आहे, आणि तो सुटण्यासारखा आहे.

सुरुवात गनपासून. साध्या कॉम्प्रेसर गनने रंगाचा २५ ते ४० टक्के भागच वस्तूवर बसतो, बाकी धुके. कमी दाबाच्या एचव्हीएलपी गनने ६५ टक्क्यांच्या आसपास. त्याच दरवाजाला माल कमी लागतो, थिनर कमी लागतो. खर्च मालात वसूल होतो. दाब मात्र हवेच्या टोपीशी मोजून ०.७ बारच्या आत ठेवावा लागतो. कारागीर सवयीने वाढवतो आणि फायदा जातो.

गन धुणे ही लपलेली गळती. थिनर भरून हवेत फवारत गन साफ करतात. त्याऐवजी झाकणाच्या डब्यात बुडवून ब्रशने. वापरलेला थिनर गाळ बसू देऊन पहिल्या धुण्याला पुन्हा चालतो. डब्यांची झाकणे घट्ट लावलेली आणि थिनरने भिजलेली फडकी बंद पत्र्याच्या पिंपात; वासाचा मोठा भाग तिथूनच येत असतो. ती घंटागाडीत द्यायची नाहीत, तो धोकादायक कचरा आहे.

कोळशाचा फिल्टर लावायचाच असेल तर मापाने. सक्रिय कोळसा आपल्या वजनाच्या १० ते २० टक्के द्रावक धरतो. ५० किलोचा खण ५ ते १० किलो थिनर धरेल, म्हणजे या वर्कशॉपला नऊ ते अठरा दिवस. नंतर तो नुसता गरम हवेची वाट असतो, आणि उन्हाळ्यात तापला की धरलेले सोडतोही. त्याआधी कागदी किंवा काचतंतूचा फिल्टर दर आठवड्याला बदलला नाही तर रंगाचे थेंब कोळशाच्या तोंडाशी थर धरतात आणि हवा जातच नाही. हवेचा वेग खणाच्या तोंडाशी सेकंदाला अर्ध्या मीटरपेक्षा जास्त नको. विकणारे छोटा खण आणि मोठा पंखा देतात. त्यात द्रावकाला कोळशावर बसायला वेळच मिळत नाही.

माझ्या मते या आकाराच्या वर्कशॉपला कोळशापेक्षा पाण्यातला पीयू बरा. वाळायला वेळ लागतो, पहिल्या हाताने लाकडाचे बारीक तंतू उठतात म्हणून मध्ये ३२०च्या पॉलिश पेपरचा एक हात वाढतो, आणि पावसाळ्यात हवा फिरती ठेवावी लागते. तेवढे जमले की वास जवळजवळ संपतो. आणि स्प्रेची वेळ संध्याकाळी सातवरून सकाळी अकरा ते चारवर आणा. वर बाष्पदाब यांनी घुसळणीचे सांगितलेच आहे. याला एक रुपया लागत नाही. झायलीन दुपारच्या उन्हात ओझोनला हातभार लावेल हे खरे, पण दिवसाला अर्धा-पाऊण किलोसाठी माणसांच्या झोपायच्या खोल्या मी पणाला लावणार नाही.

सोसायटीचे स्वतःचेही बघा. ग्रिल आणि दारांना ४० लिटर ऑइल पेंट लावला तर लिटरला साधारण ४०० ग्रॅम धरून १६ किलो, वर टर्पेंटाइन. म्हणजे वर्कशॉपचा एक महिना. पाण्यातला इनॅमल मिळतो. 'लो व्हीओसी' पाहताना आकडा ग्रॅम प्रति लिटरमध्ये मागा आणि तो रंगछटा मिसळल्यानंतरचा आहे का विचारा. गडद छटेत मिसळणारे रंगद्रव्य स्वतःचे द्रावक घेऊन येते.

पानगळ

बाष्पदाब यांच्या 'झाडांचा श्वास'वरून काहीजण झाडे तोडायची भाषा करतील, म्हणून लिहितो. निलगिरी आणि बांबू आयसोप्रीन सोडतात, तेही ऊन आणि उष्णता वाढेल तसे जास्त, रात्री नाही. आयसोप्रीन ओझोनच्या पट्टीवर दहाच्या आसपास आहे. पण नायट्रोजन ऑक्साइड नसतील तर त्याचा ओझोन होत नाही, आणि ते येतात इंजिनातून. नवी लावताना निलगिरी-बांबूची रांग टाळा, उभ्या झाडाला हात लावू नका. सावलीने पार्किंगमधल्या टाक्या थंड राहतात आणि पेट्रोल कमी उडते हे त्याच झाडाचे काम आहे.

बाष्पदाब

मोजमापाचे राहिले होते.

प्रयोगशाळा बोलावली की बहुधा एक दिवसाचा नमुना देतात: कोळशाच्या नळीतून पंपाने हवा ओढायची, कार्बन डायसल्फाइडने सोडवायची, क्रोमॅटोग्राफवर चढवायची. भारतीय मानक ५१८२ चा भाग ११ याच कामाचा आहे. पद्धत चांगली, पण आकडे बघा. मिनिटाला १०० मिलिलिटरने २४ तास म्हणजे १४४ लिटर. हवेत ५ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर असेल तर नळीत ०.७ मायक्रोग्रॅम बेंझीन. ते एक मिलिलिटर द्रावकात पातळ होते आणि त्यातला एक-दोन मायक्रोलिटरच यंत्रात जातो. पद्धतीच्या तळाशी आपण उभे आहोत. वर कार्बन डायसल्फाइडमध्येच बेंझीनची अशुद्धी असते. कमी-बेंझीन प्रतीचे वापरले नाही आणि कोरी नळी तपासली नाही तर तुम्ही बाटली मोजता, हवा नाही.

तुमच्या कामाला पंपाशिवायचे विसरण-नमुनाग्राहक बरे, म्हणजे हवा आपोआप आत झिरपते ती नळी, १४ दिवस टांगलेली, आणि प्रयोगशाळेत उष्णतेने सोडवलेली. त्यात सगळा नमुना यंत्रात जातो. सहा घ्या: पंपाच्या कुंपणावर, वर्कशॉपच्या बाजूच्या भिंतीवर, सोसायटीच्या पंपाकडच्या पहिल्या मजल्यावर, गच्चीवर, आणि पंप व मोठा रस्ता दोन्हींपासून ५०० मीटर दूर एक पार्श्वभूमीचा. सहावी नळी न उघडता सोबत फिरवायची, ती कोरी. तीन मीटर उंची, पावसाची टोपी, भिंतीपासून हातभर दूर. एसीच्या बाहेरच्या युनिटजवळ किंवा पार्किंगच्या तोंडाशी नको. काढल्यावर घट्ट बंद करून थंड ठेवून पाठवायची आणि उघडल्या-बंद केल्याची वेळ मिनिटापर्यंत लिहायची, कारण हवेतले प्रमाण त्या वेळेने भागूनच निघते.

पंपाचे बेंझीन अंतराबरोबर झपाट्याने उतरते. ५० ते १०० मीटरवर ते शहराच्या पार्श्वभूमीत मिसळते. म्हणून एका जागेचा आकडा काही सांगत नाही, उतरण सांगते. कुंपणावर जास्त, ४० मीटरवर मधला, ५०० मीटरवर कमी अशी उतरण मिळाली आणि वर्कशॉपच्या नळीत टोल्युइन-बेंझीन गुणोत्तर एकटेच उंच आले, तर दोन्ही स्रोत वेगळे सिद्ध झाले. पाचही जागी आकडे जवळपास सारखे आले तर जे आहे ते रस्त्याचे आहे, आणि मग दोन्ही तक्रारींचा सूर बदलावा लागेल. एक फेरी आता आणि एक डिसेंबर-जानेवारीत; थंडीत हवा बसलेली असल्यामुळे बेंझीन तेव्हाच सर्वांत जास्त. मानक वार्षिक सरासरीचे आहे, त्यामुळे १४ दिवसांचा आकडा ५ च्या वर गेला एवढ्यावरून 'उल्लंघन' हा शब्द वापरू नका, 'मानकाशी तुलना करता' असे लिहा.

प्रयोगशाळेला कार्यादेश देण्याआधी विचारा: एनएबीएलच्या (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या संस्थेच्या) मान्यतापत्रात 'बाहेरच्या हवेतील बेंझीन' हा घटक नावाने आहे का, सर्वांत कमी मोजता येणारी पातळी किती, कोऱ्या नळीचा आकडा अहवालात छापणार का.

छत_आणि_खिडकी

एकच: नमुन्याच्या नळ्या टांगल्याचे पंपवाल्यांना आधी सांगावे का? सांगितले तर ते १४ दिवस टँकरची नळी नीट जोडतील.

नोझल_आणि_नळी

पहिली फेरी कळवून करा, कुंपणावर नळी लावायला त्यांची परवानगी लागेलच. त्या १४ दिवसांत टँकरच्या दोन्ही नळ्या रोज जोडलेल्या दिसल्या तर वहीत तेही लिहा. थंडीतल्या फेरीत कुंपणाची नळी तुमच्या बाजूच्या खांबावर लावा आणि कळवू नका. टँकरची वाफेची नळी जोडली तेव्हाचा आणि न जोडली तेव्हाचा आकडा शेजारी-शेजारी आले की पंपाला उत्तर त्यांच्याच कामातून मिळेल. मात्र दोन्ही फेऱ्यांचा ऋतू वेगळा असल्यामुळे नुसते आकडे नका लावू समोरासमोर. प्रत्येक फेरीत कुंपणाच्या आकड्यातून ५०० मीटरवरचा आकडा वजा करा आणि त्या वजाबाक्या तुलनेला घ्या. थंडीच्या बसलेल्या हवेत पंपाची स्वतःची वाफही जास्त साचते, म्हणून थोडा फरक हवामानाचा धरा. वजाबाकी दुप्पट-तिप्पट झाली असेल आणि टँकरच्या वहीत एकच नळी असलेल्या पहाटा असतील, तरच ती पत्रात घाला.